‘पगार’ शब्दाची कुळकथा



व्याख्यानमालेच्या चालकांचे बोलावणे आले तेव्हा आमच्या युनियनमधल्या मंडळींनी गृहीतच धरले की, आम्ही कामगार कायद्यावर बोलणार. आम्ही विषय कळवला : ‘पगार हा शब्द’. त्यावर चालकांचा निरोप आला की, शब्दांवर बोलायला एखादे प्राध्यापक बोलावता येतील, तुम्ही आपले पगारावर बोला. आम्ही उलट निरोप धाडला की, गेली तीस वर्षे आम्ही पगारावरच बोलत आहो, आणि त्या तीस वर्षांत एवढेच पक्के कळले की, शब्दाची झडती घेतल्यावाचून पगाराचा हिशेब लागत नाही. चालक समजूतदार, त्यांनी ते मानून घेतले. हे म्हणणे खरे की खोटे, याचा निवाडा व्याख्यान संपल्यावर आपण करावा.

आरंभीच एक कबुली देऊन ठेवतो. आमची शाळा सातवीपाशी सुटली. त्यानंतर जिनिंगमधला कापूस आणि वाचनालयातली पुस्तके यांवरच आमचे पोषण झाले. भाषाशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. पण खानदेशात उभे राहून शब्दांवर बोलायला पदवीवाचून संकोच वाटू नये, असे आम्हांला वाटते. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास देह ठेवला. त्यांचे दप्तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने सांभाळले आणि त्यांनी जमवलेला मराठी धातुकोश त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला. गावोगाव पायी हिंडून, दारोदार कागद मागून त्या माणसाने विद्या उभी केली. तेव्हा शब्दांचा शोध हे काम खुर्चीपेक्षा पायांचे अधिक आहे, आणि पायपीट करण्यात आमच्यासारखा युनियनवाला कोणाला हार जाणार नाही.

आखाजी तोंडावर आली आहे. आपल्या खानदेशात अक्षय्य तृतीयेला सालदाराचे साल सुरू होते. ओट्यावर बसून बोली होते, इतके रुपये, इतके धान्य, आणि वर्षभराचा माणूस बांधला जातो. तेव्हा याच दिवसांत आपण जरा कान देऊन ऐकू की, कष्टाच्या मोबदल्याला या तालुक्यात कोणकोणत्या नावांनी हाक मारतात. निंदणीला जाणारी बाई विचारते, “रोज काय आहे?” केळीचे घड कापून गाडी भरणारा गडी म्हणतो, “मजुरी काय पडेल?” सालदार म्हणतो, “साल किती?” कचेरीतला कारकून म्हणतो, “पगार झाला का?” त्याचा मुलगा पुण्यास नोकरीला आहे, तो म्हणतो, “सॅलरी क्रेडिट झाली.” सरकारी कागद म्हणतो ‘वेतन’. आणि अंगणवाडीची सेविका म्हणते, “आमचे मानधन अजून आले नाही.” वस्तू एकच. मनुष्य आपल्या आयुष्यातले तास दुसऱ्याला देतो आणि त्याबद्दल काही घेतो. त्या घेण्याला सात नावे. ही सात नावे सात गावांहून आलेली आहेत, आणि प्रत्येकीने आपल्या गावची समजूत पदरात बांधून आणली आहे.

प्रथम मधल्या पाहुण्याची चौकशी करू. ‘पगार’ हा शब्द इतका घरचा झाला आहे की, तो परदेशी आहे असे सांगितले तर पुष्कळांना खोटे वाटते. आमचे एक स्नेही तर शपथेवर सांगत की, पग म्हणजे पाय, आणि पायपीट करून जो मिळतो तो पगार! कामगाराच्या दृष्टीने ही व्युत्पत्ती फार गोड आहे, पण खरी नाही. प्राकृतात ‘प्राकार’ म्हणजे तटाची भिंत या शब्दाचे ‘पागार’ असे रूप होते. तिच्याशीही आपल्या पगाराचे नाते नाही. नाशिककडे पगार आडनावाची घराणी आहेत. नुसता ध्वनी जुळला म्हणून त्यांना महिन्याच्या पगाराचे भाऊबंद ठरवता येणार नाही. शब्दांच्या बाबतीत चेहरा सारखा दिसला एवढ्यावर सोयरीक जुळवू नये, कागदपत्र पाहावे.

कागदपत्र सांगतात की, पगार समुद्रावरून आला. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला. १५१० साली अल्बुकर्कने गोवा घेतला. १५३४ पासून वसई पोर्तुगिजांकडे होती, ती १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी जिंकली. या दोनशे वर्षांत कोकणच्या किनाऱ्यावर पोर्तुगिजांनी किल्ले बांधले, गोद्या बांधल्या, देवळे बांधली. ही कामे करणारे हात आपले होते. पोर्तुगीज भाषेत ‘पागार’ हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ पैसे देणे, देणे चुकते करणे. कष्ट करणाऱ्याच्या कानांनी ते क्रियापद उचलले आणि त्याचे नाम करून टाकले. खुद्द पोर्तुगीज माणूस आपल्या महिन्याच्या पैशाला ‘पागार’ म्हणत नाही, तो ‘सालारिउ’ म्हणतो. आपण मात्र त्याच्या ‘देणे’ या क्रियेलाच आपल्या मिळकतीचे नाव दिले.

हा शब्द एकटा आला नाही. त्याच्याबरोबर जी मंडळी आली त्यांची हजेरी घेऊन पाहा. मिस्त्री हा पोर्तुगीज ‘मेस्त्र’, म्हणजे उस्ताद. डोक्यावरचे घमेले पोर्तुगीज, तिथे ते लाकडी परात होते. पिंप पोर्तुगीज, चावी पोर्तुगीज, बिजागरी पोर्तुगीज. मिस्त्रीच्या हाताखाली घमेले वाहावे आणि पगार घ्यावा. आणि देणे फिटले नाही तर सामानाचा लिलाव व्हावा नि माणूस तुरुंगात जावा. तर लिलाव आणि तुरुंग हेही पोर्तुगीजच! इतिहासकार लढायांच्या तारखा सांगतात, पण त्या काळी मजुराचा दिवस कसा जाई हे या पाचसहा शब्दांनी जितके कळते तितके एखाद्या बखरीने कळत नाही. अशा शब्दांची मोजदाद गोव्याचेच एक विद्वान धर्मगुरू सेबास्तियांव रुदोल्फु दालगादु यांनी केली. पोर्तुगीज शब्द आशियाच्या भाषांत कोठकोठे रुजले यावरचा त्यांचा ग्रंथ १९१३ साली निघाला.

पगार मराठीतच थांबला नाही. कोंकणीत पगार आहे, गुजरातीत पगार आहे, उत्तर कर्नाटकातल्या कानडीत पगार आहे, मुंबईच्या हिंदीत आहे. उत्तरेला दिल्लीकडे गेलात की तो मागे पडतो आणि ‘तनख्वाह’ पुढे येते. म्हणजे पोर्तुगीज जहाजे जिथवर पोहोचली आणि तिथून मजूर, कारकून, व्यापारी जिथवर गेले तिथवर पगार पोहोचला.

आता आणखी एक पायरी खाली उतरू. पोर्तुगीज, स्पॅनिश, इटालियन, फ्रेंच या बहिणी, आणि त्यांची आई लॅटिन. लॅटिनमध्ये ‘पाक्स’ म्हणजे तह, शांतता. त्यावरून ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे, समाधान करणे. ज्याचे घेणे आहे तो दारात येऊन ओरडतो. त्याचे घेणे दिले की तो शांत होतो. या व्यवहारातून ‘शांत करणे’ याचा अर्थ हळूहळू ‘पैसे देणे’ असा झाला. स्पॅनिशमध्ये पागार, इटालियनमध्ये पागारे, फ्रेंचमध्ये पेये, आणि फ्रेंचमधून इंग्रजीत गेला तो ‘पे’. पेमेंट, पे स्लिप, पे कमिशन हे सगळे आपल्या पगाराचे सख्खे चुलत भाऊ. आणि इंग्रजीतला ‘पीस’ म्हणजे शांतता हाही त्याच घरातला. तेव्हा पगार मागणारा मनुष्य अशांतता माजवतो असे जे म्हणतात त्यांनी हा वंशवृक्ष ध्यानात घ्यावा. देणे थकते तेव्हा तह मोडतो, आणि तो मोडणारा देणे थकवणारा असतो.

पण श्रोतेहो, इथे एक गंमत आहे, आणि ती थोडी बोचरी आहे. लॅटिन पाक्स या शब्दाच्या पोटात जो मूळ धातू आहे त्याचा अर्थ जोडणे, बांधणे असा अभ्यासक लावतात. दोन पक्षांना बांधून ठेवतो तो तह. आणि त्याच धातूपासून संस्कृतात कोणता शब्द झाला? पाश! यमाच्या हातातला पाश, पारध्याचा पाश, मोहाचा पाश. एकाच बीजातून तिकडे शांतता उगवली, इकडे फास उगवला. कोशात हे वाचले त्या रात्री आम्हांला बराच वेळ झोप आली नाही. कारण ऊसतोडीला जाणारा मनुष्य मुकादमाकडून ‘उचल’ घेतो, म्हणजे काम करण्याआधीच पैसे घेतो, आणि मग ती फेडण्यासाठी हंगामभर कोयता चालवतो. ती फिटली नाही तर पुढच्या हंगामाला बांधला जातो. तिथे पैसा मिळतो हे खरे, पण तो तह आहे की पाश आहे? पैसे देणे आणि माणूस बांधणे यांमधले अंतर कधी कधी केसाएवढे असते, असे भाषा आपल्याला सांगते आहे.

आता बाकीच्या नावांकडे वळू. ‘मजूर’ फारसी. मूळ शब्द मुझ्दूर. मुझ्द म्हणजे कामाचे मोल, ते कमावणारा तो मुझ्दूर. पण फारसी म्हणून त्याला परका समजू नका. या मुझ्दचा भाऊ ऋग्वेदात आहे : ‘मीळ्ह’, म्हणजे स्पर्धेत वा लढाईत जिंकून आणलेले धन. ग्रीकमध्ये तोच ‘मिस्थोस’ होऊन मजुरी झाला. जर्मनमध्ये ‘मीटे’ होऊन घरभाडे झाला. रशियनमध्ये ‘म्झदा’ झाला, आणि आज तिथे त्याचा अर्थ बहुधा लाच असा होतो! एकाच आईची लेकरे : एक रणांगणावर, एक कारखान्यात, एक भाड्याच्या घरात आणि एक टेबलाखाली. आपला मजूर मात्र या घराण्यात वीराच्या जवळचा. जिंकून आणतो ती मजुरी, हा त्याचा मूळचा मान आहे.

‘रोज’ हाही फारसी, अर्थ दिवस. त्याचे मूळ ‘प्रकाश’ असे आहे, आणि संस्कृत ‘रुच्’ म्हणजे प्रकाशणे हा त्याचा सोयरा. उजेड असेतो काम, म्हणून रोज. ‘साल’ म्हणजे वर्ष, तोही फारसी, आणि त्याचा सख्खा भाऊ आपला ‘शरद’. वेदकाळी लोक आयुष्याची वर्षे शरदांनी मोजत. तेव्हा सालदार म्हणजे एक शरद विकणारा मनुष्य. ‘रोजगार’ याची कथा आणखी वेगळी. इराणात ‘रूझगार’ म्हणजे काळ, जमाना. आपल्याकडे येता येता तो नोकरीधंदा झाला. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला तो १९७७ साली, आणि त्यामागे १९७२ च्या दुष्काळातली खडी फोडणारी लाखो माणसे होती. दुष्काळात ज्याच्या हाताला काम नाही त्याच्यापुरता जमानाच थांबलेला असतो. तेव्हा काळ आणि काम यांना एकच नाव असावे हे बरोबरच आहे.

‘तनखा’ पाहा. तन म्हणजे शरीर, ख्वाह म्हणजे मागणारे, इच्छिणारे. देह जे मागतो ते. ‘भत्ता’ तर आपल्याच मातीतला. संस्कृत ‘भक्त’ म्हणजे जेवण. त्यावरून ताटातला भात, आणि त्यावरूनच भत्ता. महागाई भत्त्यावर आम्ही साहेबलोकांशी बोलणी करायला बसतो तेव्हा आकड्यांचे कागद पसरलेले असतात. टक्के, निर्देशांक, दशांश. त्या वेळी आम्ही मनात म्हणतो की, बोलणे भाताचे चालले आहे हे विसरू नये.

‘वेतन’ हा शुद्ध संस्कृत, आणि त्याच्यामागे मोठे शास्त्र उभे आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वेतनाचे नियम आहेत. मोल आधी ठरले नसेल तर शेतकामाच्या गड्याला पिकाचा, गुराख्याला तुपाचा आणि व्यापाऱ्याच्या माणसाला मालाचा दहावा भाग मिळावा असे तो सांगतो. आणि वेतन न देणाऱ्या धन्याला दंड : देण्याचा दहावा भाग, नाहीतर सहा पण. याचा अर्थ नीट पाहा. शास्त्रकाराला दंड लिहावा लागला, म्हणजे वेतन बुडवणारे धनी त्या काळीही होतेच! पैगंबरांच्या नावे हदीसमध्ये जी शिकवण सांगतात तीही हीच, की मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याचे मोल हातावर ठेवावे. दोन धर्म, दोन देश, पण तक्रार एकच.

राहिला ‘सॅलरी’. लॅटिनमध्ये ‘साल’ म्हणजे मीठ, त्यावरून सालारिउम. रोमन शिपायांना पगार मिठाच्या रूपाने मिळे, ही गोष्ट पुष्कळ पुस्तकांत छापलेली आढळते. पण तिला जुना भक्कम पुरावा नाही. मिठाशी शब्दाचे नाते आहे एवढेच निश्चित. आणि मीठ म्हटले की आपल्या कानांत लगेच काय वाजते? खाल्ल्या मिठाला जागणे. नमकहलाल, नमकहराम.

आता आम्ही मुद्द्याशी आलो. या सगळ्या शब्दांचे दोन ढीग करता येतात. एका ढिगात मीठ, बक्षीस, खुशाली, मानधन. यांत देणारा वर, घेणारा खाली. दिले तर उपकार, नाही दिले तर तक्रार कोणाकडे करणार? दुसऱ्या ढिगात मजुरी, वेतन, पगार. यांत देणारा देणेकरी आहे आणि घेणारा घेणेकरी आहे. कष्ट आधी झाले आहेत, उधारी धन्याच्या नावे पडली आहे, ती फेडून त्याने घेणेकऱ्याला शांत करायचे आहे. एकात धनी मनाने देतो; दुसऱ्यात धनी कर्ज फेडतो. व्यवहारातला पैसा तोच, पण कोणत्या ढिगातला शब्द कागदावर लिहिला यावर माणसाचे नशीब बदलते.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. १९८७ च्या हंगामात आम्ही एका जिनिंगमध्ये कामाला होतो. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. वय सतरा. हंगाम संपत आला आणि तीन आठवड्यांचा पगार थकला. रोज विचारावे, रोज उद्यावर जावे. शेवटी एके संध्याकाळी दिवाणजींनी एकोणीस जणांना बोलावले. थोडी थोडी रक्कम प्रत्येकापुढे ठेवली आणि एक कागद पुढे केला. त्यावर लिहिले होते की, मालकांनी खुशाली म्हणून दिलेली रक्कम मिळाली, आता काही येणे नाही. दिवाणजी म्हणाले, “बाकीचे पुढच्या आठवड्यात, ही तर नुसती पावती.” त्या एकोणीस जणांत अक्षरओळख असलेला इसम एकच होता, तो म्हणजे आम्ही. आम्ही तो कागद सर्वांना मोठ्याने वाचून दाखवला. ‘खुशाली’ हा शब्द आम्हांला गोडच वाटला. आम्ही म्हणालो, ठीक आहे, करा अंगठे. आणि अठरा अंगठे आमच्या शब्दावर उमटले, वर आमची सही.

पुढचा आठवडा आला नाही. आम्ही अर्ज केला तेव्हा तो कागद पुढे आला. हे लोक आमचे कामगार नव्हतेच, हंगामाला मदतीला येत होते, खुशाली दिली आहे, पावती हजर आहे. हजेरीचे पुस्तक कोणी दाखवले नाही. पैसे गेले ते गेले. त्यांत एक विधवा बाई होती, तिच्या मुलीचे लग्न त्या पैशांवर ठरले होते. तिने आम्हांला एक शब्दही उणा म्हटला नाही. रस्त्यात भेटली की, “बरा आहेस ना बाबा?” असे विचारी. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. शब्दाचा अर्थ कळल्यावाचून तो दुसऱ्याला वाचून दाखवू नये, हा धडा आम्ही त्या बाईपासून घेतला. कोश चाळायला लागलो ते त्यानंतर.

कामगारांच्या पूर्वजांनी हा धडा फार आधी घेतला होता. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन ज्या मागण्या मांडल्या त्यांत आठवड्याला एक सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, अशा मागण्या होत्या. त्यांतच एक मागणी होती की, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. पंधरा तारखेपर्यंत! यावरून आधी काय परिस्थिती होती हे ताडावे. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. पगाराच्या तारखेला मात्र कायद्याचे बळ आले ते १९३६ च्या पगार अदायगी कायद्याने. मध्ये बावन्न वर्षे गेली. हजारापेक्षा कमी कामगार असतील तिथे सात तारखेपर्यंत, अधिक असतील तिथे दहा तारखेपर्यंत पगार व्हावा असे त्यात ठरले. योगायोग असा की, त्याच १९३६ च्या डिसेंबरात आपल्या तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, आणि तिथे शेतकऱ्यांच्या नि शेतमजुरांच्या प्रश्नांवर कार्यक्रम मांडला गेला. पुढे १९४८ साली किमान वेतनाचा कायदा आला. हे कायदे पुढे २०१९ च्या वेतन संहितेत गुंफले गेले आणि तिथेही महिन्याच्या वेतनाला सात तारीखच लिहिली आहे. तेव्हा ज्याला सात तारखेला पगार मिळतो त्याने तो मोबाइलवर पाहताना क्षणभर १८८४ ची आठवण करावी.

आणि आता शेवटचा शब्द : मानधन. आमच्या संघटनेत अंगणवाडीच्या सेविका आणि मदतनीस भगिनी आहेत. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तेव्हापासून त्या मुलांची वजने घेतात, पोषण आहार देतात, गरोदर बायांची नोंद ठेवतात, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर चालत जातात. त्यांना जे मिळते त्याचे नाव मानधन. ऐकायला किती भारदस्त! मान आणि वर धन. पण हाच शब्द संस्कृतात कसा वापरलेला आहे ते आम्ही पाहिले, तर तिथे ‘मानधन’ म्हणजे मान हेच ज्याचे धन आहे असा मनुष्य. स्वाभिमानी वीराला ते विशेषण लावतात. संस्कृत कवीच्या वीराजवळ दुसरे धन नसले तरी चालत असेल. अंगणवाडीच्या बाईला महिन्याचा किराणा भरायचा असतो. मान हेच धन, असा त्या शब्दाचा जुना अर्थ आमच्या भगिनींच्या बाबतीत अक्षरशः खरा करून दाखवायचा असे कोणी ठरवले होते की काय, न कळे.

मानधन म्हटले की त्या नोकर नाहीत, स्वयंसेविका आहेत. नोकर नाहीत म्हणून पगार नाही. पगार नाही म्हणून ग्रॅच्युइटी नाही. एका शब्दाच्या खुंटीवर सारे टांगलेले. मराठीत एक थट्टा आहे, ‘बिनपगारी, फुल अधिकारी’. यांच्या वाट्याला तिचे उलटे आले : काम पूर्ण, जबाबदारी पूर्ण आणि अधिकार शून्य. ही गाठ गुजरातमधल्या अंगणवाडी भगिनींच्या दाव्यात सुटली. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, त्यांना १९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, आणि त्यांना दिले जाणारे मानधन हे कायद्याच्या व्याख्येप्रमाणे वेतनच आहे. म्हणजे न्यायालयाने एका शब्दावरची पाटी काढून आतली वस्तू पाहिली. चाळीस-चाळीस वर्षे सेवा झालेल्या बायांच्या म्हातारपणाचा प्रश्न शेवटी एका शब्दाच्या अर्थावर येऊन ठेपला होता. निकालाची बातमी आम्ही आमच्या भगिनींना वाचून दाखवली. या वेळी मात्र एकेक शब्द आधी समजून घेऊन वाचला.

तेव्हा चालकांना आम्ही जे कळवले होते ते आपल्या पदरात घातले. आता जाता जाता दोन विनंत्या. पहिली व्याकरणाची. आपण म्हणतो, “पगार झाला.” पाऊस झाला, तसा पगार झाला! पाऊस कोण पाडतो हे आपण विचारत नाही. पण पगार आकाशातून पडत नाही. तो देणारा असतो, न देणाराही असतो. म्हणून “पगार दिला”, “पगार दिला नाही” असे कर्त्यासकट बोलायची सवय लावू या. कर्ता वाक्यातून पळाला की जबाबदारीही पळते. दुसरी विनंती आखाजीची. या आखाजीला ओट्यावर सालाची बोली होईल तेव्हा ती कागदावर लिहा. किती रुपये, किती धान्य, सुट्टी कोणती, आजारपणात काय, हे सारे लिहा. शेतकरी बंधू इथे बसले आहेत. त्यांचीही ओढाताण आम्ही जाणतो, केळीचा भाव पडला की त्यांच्या घरात काय होते हे आम्ही पाहिले आहे. पण लिहिलेला कागद दोघांनाही राखतो. आणि त्या कागदावर खुशाली, मदत, मीठ असे काही लिहू नका. सरळ ‘वेतन’ लिहा, नाहीतर ‘पगार’ लिहा. आणि ज्याला वाचता येत नाही त्याला तो कागद घरातल्या शाळकरी पोरीकडून वाचवून घेऊ द्या, घाई करू नका.

लोक आम्हांला संपवाला म्हणतात. म्हणून संपाचाही खुलासा करून रजा घेतो. गुजरातीत आजही ‘संप’ म्हणजे एकोपा, सलोखा. मराठीत तोच शब्द काम थांबवण्याला लागला, कारण एकोपा झाल्यावाचून काम थांबवता येत नाही. पगार हा मूळचा तह आणि संप हा मूळचा एकोपा. भांडणाचे म्हणून जे दोन शब्द आमच्या धंद्यात रोज वापरावे लागतात, ते दोन्ही मुळात सलोख्याचे निघाले. ते तसेच राहावेत एवढे पाहणे तुमच्या-आमच्या हातात आहे.